सहा डिसेंबर : आयर्लंडच्या इतिहासातील एक तारीख

मराठी माणूस भारतात कोठेही असो, ६ डिसेंबर ही तारीख उच्चारली की त्याचे मन दादरच्या चैत्यभूमीकडे वळते. १९५६ साली याच दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. आजच्या भाषणाचा विषय निराळा आहे. परंतु त्याचा धागा बाबासाहेबांच्याच एका उद्गाराला जाऊन मिळतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा विचारार्थ ठेवताना, मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण हे संसदीय लोकशाहीच्या घटनेतील एक नवे वैशिष्ट्य आहे, आणि अशी तत्त्वे अंतर्भूत असलेली दुसरी घटना काय ती आयरिश फ्री स्टेटची, असे त्यांनी सांगितले होते. ज्या घटनेतून ही तत्त्वे आपल्याकडे आली ती आयर्लंडची १९३७ सालची दुसरी घटना. फ्री स्टेट हे नाव तिच्या आधीच्या राज्याचे. त्या राज्याचा जन्म १९२२ साली झाला, आणि त्याची जन्मतारीख होती ६ डिसेंबर.

पण या तारखेचे आयर्लंडशी असलेले नाते एवढ्यावर संपत नाही. १८९०, १९२१ आणि १९२२ या तीन वर्षी ६ डिसेंबर हा दिवस त्या देशाच्या राजकारणात निर्णायक ठरला. पंचांगात योगायोग शोधून चमत्कार दाखविण्याची हौस पुष्कळांना असते. तसा काही हेतू येथे नाही. या तीन दिवसांपैकी शेवटचे दोन एकमेकांशी कायद्याच्या कलमाने बांधलेले आहेत, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशी एकच मनुष्य रंगभूमीवर उभा आहे. शिवाय तिन्ही दिवशी आयरिश माणसांपुढे एकाच जातीचा प्रश्न उभा राहिला होता : बलाढ्य शेजारी देऊ करतो आहे तेवढे घ्यावे काय, आणि घ्यायचे तर त्यासाठी आपल्यातील कोणाला सोडून द्यावे?

आपल्याकडील जुन्या पिढीला हा प्रश्न परका वाटला नसता. न. चिं. केळकरांनी १९०९ साली ‘आयर्लंडचा इतिहास’ मराठीत आणला. ‘होमरूल’ हा शब्दच मुळी आपण आयर्लंडकडून उसना घेतला. एप्रिल १९१६ च्या अखेरीस लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावी झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस डब्लिन शहरात सशस्त्र उठाव चालू होता. होमरूलचा सनदशीर मार्ग तिकडे मावळत असता तो शब्द इकडे उगवत होता.

तो सनदशीर मार्ग ज्याने आयर्लंडला दाखविला तो पुरुष म्हणजे चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. धर्माने प्रॉटेस्टंट, जन्माने विक्लो परगण्यातील जमीनदार, स्वभावाने अबोल आणि काहीसा तुसडा. असा हा मनुष्य कॅथलिक कुळांच्या राष्ट्राचा अनभिषिक्त राजा झाला. वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटात त्याच्या हाताखाली ऐंशीहून अधिक आयरिश सभासदांचा एकजीव पक्ष होता. इंग्रजांच्या दोन मोठ्या पक्षांपैकी कोणालाही या पक्षाला डावलून सुखाने राज्य करता येऊ नये, हे त्याचे तंत्र. याच तंत्राने १८८६ साली लिबरल पुढारी ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडच्या होमरूलचे पहिले बिल मांडले. ते फेटाळले गेले, तरी ग्लॅडस्टन आपल्या वचनावर कायम होते आणि पुढील निवडणुकीत लिबरल विजयी झाले म्हणजे होमरूल पदरात पडणार अशी आशा होती.

इतक्यात घरगुती म्हणावे असे वादळ आले. कॅप्टन ओशे नावाच्या एका आयरिश गृहस्थाने आपल्या पत्नीविरुद्ध घटस्फोटाचा दावा लावला आणि तीत पार्नेलला प्रतिवादी केले. पार्नेल आणि कॅथरीन ओशे ही दहा वर्षे पतिपत्नीप्रमाणे राहत होती, हे राजकीय वर्तुळात गुपित नव्हते. पार्नेलने दावा लढविला नाही. १७ नोव्हेंबर १८९० रोजी निकाल त्याच्या विरुद्ध लागला. आठ दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, त्याच्या पक्षाने त्यालाच पुन्हा अध्यक्ष निवडले; आणि त्याच संध्याकाळी ग्लॅडस्टन यांचे पत्र वृत्तपत्रांकडे गेले. पार्नेल नेतेपदी राहिला तर लिबरल पक्षाचे माझे नेतृत्व जवळजवळ शून्यवत होईल, असा त्याचा मथितार्थ होता. ग्लॅडस्टनच्या पाठीशी असलेला धर्मभीरू इंग्रज मतदार खवळला होता आणि म्हाताऱ्याला तो दुखवता येत नव्हता. सारांश, आयरिश पक्षापुढे पर्याय उरला तो असा : पार्नेल किंवा होमरूल.

१ डिसेंबरपासून पार्लमेंट भवनाच्या १५ क्रमांकाच्या समितीदालनात या पक्षाची बैठक सुरू झाली. ती सहा दिवस चालली. अध्यक्षस्थानी स्वतः पार्नेल. आपल्यावरील अविश्वासाच्या चर्चेचे नियमन आपणच करावयाचे, असा तो विलक्षण प्रकार होता. आणि प्रतिकूल ठराव मताला टाकण्याची वेळ येऊच नये याची काळजी तो अध्यक्ष म्हणून चतुराईने घेत होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एका इंग्रज मुत्सद्द्याच्या पत्राने आयरिश राष्ट्राने आपला नेता बदलावा काय? बरे, मला विकायचेच असेल तर निदान किंमत तरी पुरती वसूल करा. जमीन आणि पोलीस या दोन बाबतींत ग्लॅडस्टनकडून स्पष्ट वचन घ्या. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण तो करणारा स्वतःच्या खुर्चीसाठी भांडत होता, त्यामुळे त्यातील सत्यालाही स्वार्थाचा वास येत होता.

त्याला तोंड देणाऱ्यांत सर्वांत तिखट जिभेचा होता टिमथी हीली. हाच आपल्या कथेतील तो एक मनुष्य. कॉर्क परगण्यातील बँट्री गावचा, वय पस्तीस, कायद्यात तरबेज, आणि एके काळचा पार्नेलचा चिटणीस. ‘अनभिषिक्त राजा’ ही पदवी पार्नेलला यानेच दिली असे मानतात. २० नोव्हेंबरला डब्लिनच्या सभेत, जहाज वादळात असता सुकाणूवरील माणसाशी बोलू नये, अशा अर्थाचे भाषण करून त्याने पार्नेलची बाजू घेतली होती. दोन आठवडे उलटले नाहीत तोच सुकाणूवरून त्याला ओढून काढण्यात हाच पुढे होता. याला कोणी मतलबीपणा म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. कारण मधल्या काळात ग्लॅडस्टनचे पत्र आले होते आणि होमरूल हातचे जाते आहे अशी हीलीची प्रामाणिक समजूत झाली होती. मात्र प्रामाणिक मनुष्याने क्रूर होण्याची गरज नसते, आणि हीली क्रूर झाला.

शनिवार, ६ डिसेंबर. सभासद थकलेले, शब्दांची धार वाढलेली. ग्लॅडस्टनच्या हुकमाप्रमाणे वागावयाचे तर आपल्या पक्षाचा धनी तो झाला, अशा आशयाचे उद्गार पार्नेलच्या बाजूच्या जॉन रेडमंडने काढले. त्यासरशी हीली ओरडला, “आणि पक्षाची धनीण कोण व्हायची?” इंग्रजीत या धनीण शब्दाला रखेल असाही अर्थ आहे. दालनात एकच गहजब उडाला. पार्नेल उठून हीलीच्या अंगावर धावून जातो की काय असे सर्वांना वाटले. आयरिश माणसांच्या सभेत एका स्त्रीचा अपमान करू धजणारा भित्रा, क्षुद्र बदमाश, अशा शब्दांत त्याने हीलीची संभावना केली. त्यानंतर थोड्या वेळाने जस्टिन मॅकार्थी हे वयाने वडील, स्वभावाने सौम्य, कादंबरीकार आणि इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेले सभासद उभे राहिले. अधिक चर्चा व्यर्थ आहे, माझ्याप्रमाणे ज्यांना वाटत असेल त्यांनी माझ्याबरोबर बाहेर यावे, असे म्हणाले. आणि सुमारे पंचेचाळीस सभासद उठून चालते झाले. तिसापेक्षा कमी माणसे पार्नेलभोवती उरली. मतदान झालेच नाही.

पुढचा इतिहास करुण आहे. पार्नेल खचला नाही, आयर्लंडभर हिंडला, तीन पोटनिवडणुका लढला आणि तिन्ही हरला. किल्केनीकडील पहिल्या लढतीत कोणीतरी त्याच्या तोंडावर चुना फेकला. कॅथलिक धर्माधिकारी त्याच्या विरुद्ध गेले होते. जून १८९१ मध्ये त्याने कॅथरीनशी विवाह केला आणि ६ ऑक्टोबरला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिच्याजवळ त्याने प्राण सोडला. पार्नेलचा पक्ष आणि पार्नेलविरोधी पक्ष ही फूट १९०० पर्यंत सांधली गेली नाही. ती केवळ पार्लमेंटातील फूट नव्हती; ती घराघरांत, जेवणाच्या पानावर बाप आणि लेक यांच्यामध्ये येऊन बसली. जेम्स जॉइस तेव्हा नऊ वर्षांचा पोर. त्याने हीलीच्या विश्वासघातावर एक कविता रचली आणि बापाने ती अभिमानाने छापून वाटली. तिची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

आणि ज्या होमरूलसाठी हा बळी दिला ते मिळाले काय? १८९३ सालचे दुसरे बिल लोकसभेत मंजूर होऊन उमरावांच्या सभेत आपटले. जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या फाटाफुटीत पार्नेलच्या विरुद्ध गेलेल्या सभासदांपैकी आल्फ्रेड वेब हे डिसेंबर १८९४ मध्ये मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. आपल्या पुढाऱ्यांनी ज्या हाताने स्वागताचे हार घातले ते गळे त्या दालनातील भांडणात बसून आलेले होते.

त्या शनिवारी कॉर्क परगण्यातीलच एका शेतकऱ्याच्या घरी दोन महिन्यांचेही न झालेले एक मूल पाळण्यात होते. त्याचे नाव मायकेल कॉलिन्स.

आता एकतीस वर्षे ओलांडून १९२१ च्या डिसेंबरात यावयाचे. मधल्या काळात सारेच पालटले होते. १९१६ च्या उठावातील पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या, १९१८ च्या निवडणुकीत होमरूलवाद्यांचा धुव्वा उडून सिन फेन पक्ष विजयी झाला, त्याच्या सभासदांनी लंडनला न जाता डब्लिनमध्येच डॉइल नावाची आपली लोकसभा भरविली, आणि इंग्रज सत्तेशी गनिमी युद्ध पेटले. ११ जुलै १९२१ ला शस्त्रसंधी झाली. ऑक्टोबरात पाच आयरिश प्रतिनिधी वाटाघाटींसाठी लंडनला गेले : आर्थर ग्रिफिथ प्रमुख, त्यांच्याबरोबर मायकेल कॉलिन्स, रॉबर्ट बार्टन, ईमन डगन आणि गॅव्हन डफी, चिटणीस म्हणून अर्स्किन चिल्डर्स. समोर लॉइड जॉर्ज, चर्चिल, बर्कनहेड, ऑस्टेन चेंबरलेन अशी कसलेली मंडळी. आयर्लंडचे अध्यक्ष ईमन डी व्हॅलेरा मात्र स्वतः गेले नाहीत, डब्लिनमध्येच राहिले. का राहिले, यावर आयर्लंडमध्ये आजतागायत वाद चालतो. घरी राहून अंतिम निर्णयाची दोरी हाती ठेवावी असा त्यांचा डाव असावा. परंतु ज्याला स्वतः मेजावर बसावयाचे नाही त्याने मेजावर बसणाऱ्याच्या हातून काय सुटेल याची तयारी ठेवली पाहिजे, एवढे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

प्रतिनिधींना दिलेला अधिकारही दुटप्पी होता. एका कागदाने त्यांना तह करण्याचा पूर्ण अधिकार दिला होता. दुसऱ्या कागदाने, सही करण्यापूर्वी अंतिम मसुदा डब्लिनला दाखवावा अशी सूचना होती. ३ डिसेंबरला ते मंत्रिमंडळाला भेटण्यासाठी डब्लिनला धावत आले, दिवसभर गोंधळाची चर्चा झाली, आणि नेमके काय ठरले याविषयी निरनिराळ्या समजुती घेऊन ते परत गेले.

प्रश्न दोन होते. उत्तरेकडील सहा परगण्यांचे वेगळे पार्लमेंट १९२० च्या कायद्याने बेलफास्टला स्थापन झालेच होते. आयर्लंडची ही फाळणी पत्करावयाची काय? आणि दुसरा, नव्या राज्याच्या सभासदांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावयाची काय? वाटाघाटी मोडावयाच्याच तर त्या फाळणीच्या मुद्द्यावर मोडाव्यात, म्हणजे जगाची सहानुभूती आपल्याकडे राहील, हे आयरिश धोरण. लॉइड जॉर्ज हे ओळखून होते. उत्तरेने बाहेर राहण्याचे ठरविले तर सीमा ठरविण्यासाठी एक मंडळ नेमावे, या योजनेच्या टिपणास नोव्हेंबरात ग्रिफिथने खासगी संमती दिली होती. ५ डिसेंबरच्या दुपारी लॉइड जॉर्ज यांनी तेच टिपण बाहेर काढले. वचन पाळता की मोडता, असा त्यांचा सवाल. ग्रिफिथ हा शब्दाला जागणारा मनुष्य; मी एकटा सही करीन, असे तो म्हणाला. फाळणीच्या मुद्द्यावर मोडण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला.

परंतु एका सहीने लॉइड जॉर्जचे समाधान होणार नव्हते. त्यांनी दोन पत्रे उचलून धरली. दोन्ही उत्तर आयर्लंडचे मुख्य प्रधान सर जेम्स क्रेग यांच्या नावे. एकात तह झाल्याचे वर्तमान, दुसऱ्यात तो मोडल्याचे. यांपैकी कोणते पाठवू, असे त्यांनी विचारले. दुसरे पाठवावे लागले तर तीन दिवसांत युद्ध. आगगाडी वाफ धरून उभी आहे, पलीकडे होलिहेडला युद्धनौका तयार आहे, आणि रात्री दहापर्यंत उत्तर हवे. लॉइड जॉर्ज थोर नट होते. त्या नाट्यात खरे किती आणि सोंग किती हे नंतर अनेकांनी तपासले आहे. क्रेगला एक दिवस उशिरा कळविले असते तर आकाश कोसळले नसते, हे उघड आहे. पण ज्या मायकेल कॉलिन्सने ते युद्ध प्रत्यक्ष चालविले होते, आपल्याजवळ बंदुका किती आणि गोळ्या किती हे ज्याला ठाऊक होते, त्याला ती धमकी सोंग म्हणून झटकून टाकता येत नव्हती. त्या दिवशी कॉलिन्स एकतीस वर्षांचा होता.

प्रतिनिधी आपल्या मुक्कामी परतले. तेथील वाद काही तास चालला. कॉलिन्स सही करणार हे कळताच इतरांना धक्का बसला. डगन वळला. बार्टन आणि डफी अडून राहिले. चिल्डर्स, जो बार्टनचा नातलगही होता, सही करू नका म्हणून सांगत होता. तुम्ही सही केली नाही तर उद्या होणाऱ्या रक्तपाताची जबाबदारी तुमच्या एकट्याच्या शिरावर येईल, असे बार्टनला वारंवार बजावण्यात आले. शेवटी तो नमला, मग डफी. डब्लिनला तारायंत्राने वा दूरध्वनीने विचारण्याचे कोणी केले नाही. मध्यरात्र जवळ आली असता ते पुन्हा डाउनिंग स्ट्रीटला गेले, काही शब्दांत फेरफार झाले, आणि मंगळवार, ६ डिसेंबर १९२१ च्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर, तहनाम्यावर सह्या पडल्या. आपण आपल्या मृत्यूच्या हुकमावर सही केली, असे कॉलिन्स म्हणाल्याची कथा आयर्लंडमध्ये सर्वतोमुखी आहे.

त्या दिवशी डी व्हॅलेरा कोठे होते? ते लिमरिकहून डब्लिनला आले होते आणि रात्री इटालियन महाकवी डान्टे याच्या सहाशेव्या पुण्यतिथीच्या समारंभाचे अध्यक्षस्थान त्यांना घ्यावयाचे होते. तेथे डगन तहाचा कागद घेऊन पोचला. आपल्या राष्ट्राचे भवितव्य आपल्याला न विचारता ठरले, हे अध्यक्षांना एका साहित्यिक सभेच्या दाराशी कळले.

तहाने मिळाले काय? कॅनडाच्या धर्तीचे वसाहतीचे स्वराज्य. इंग्रज फौजेचे निर्गमन. आपली तिजोरी, आपली सेना, आपली न्यायालये. ग्लॅडस्टनच्या होमरूलपेक्षा हे कितीतरी अधिक होते. उणे काय? प्रजासत्ताक नव्हते, राजाशी इमानाची शपथ होती, तीन बंदरे इंग्रज आरमाराकडे राहिली, उत्तरेस बाहेर पडण्याची मुभा होती. ८ डिसेंबरला डब्लिनच्या मंत्रिमंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी तह उचलून धरला. आणि डॉइलमध्ये १४ डिसेंबरपासून चाललेल्या वादानंतर ७ जानेवारी १९२२ ला ६४ विरुद्ध ५७ मतांनी तो संमत झाला. सहाही स्त्री-सभासदांनी विरुद्ध मत दिले. हे अंतिम स्वातंत्र्य नव्हे, परंतु ते मिळविण्याचे स्वातंत्र्य आहे, असा कॉलिन्सचा युक्तिवाद होता. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, ज्या प्रजासत्ताकाची आम्ही शपथ वाहिली ते कोणाच्या धमकीने मोडण्याचा अधिकार आम्हांला नाही, मतांच्या बहुमतालाही नाही.

या वादाची पाने चाळताना मनाला एक गोष्ट खटकते. शपथेविषयी अखंड चर्चा आहे. फाळणीविषयी फार थोडी. सीमामंडळ उत्तरेचे क्षेत्र इतके कातरील की ते आपोआप दक्षिणेला येऊन मिळेल, अशा भरवशावर दोन्ही पक्ष राहिले होते. जे शब्द दहा-बारा वर्षांत पुसता येण्यासारखे होते त्यांवर रक्त सांडले, आणि जी रेघ पुसता येणार नव्हती तिच्याकडे पाहण्यास कोणाला सवड झाली नाही.

मार्गदर्शनाची गरज असलेल्या त्या वर्षात माणसे भराभर गेली. जूनच्या अखेरीस नव्या सरकारच्या तोफांनी डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयाच्या इमारतीत तळ ठोकून बसलेल्या तहविरोधकांवर मारा केला आणि यादवी सुरू झाली. १२ ऑगस्टला ग्रिफिथ वारला. दहा दिवसांनी, २२ ऑगस्टला, आपल्याच कॉर्क परगण्यात दबा धरून बसलेल्या आयरिश माणसांच्या गोळीने कॉलिन्स मारला गेला. नोव्हेंबरात तहाच्या वाटाघाटींचा चिटणीस अर्स्किन चिल्डर्स याला आयरिश सरकारनेच गोळी घालून ठार केले.

आणि मग तिसरा ६ डिसेंबर उगवला. हा योगायोग नव्हता. तहाच्या सतराव्या कलमाने हंगामी सरकारला तहाच्या तारखेपासून बारा महिन्यांचीच मुदत दिली होती. त्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी नवी घटना अमलात आणणे भाग होते. बुधवार, ६ डिसेंबर १९२२ रोजी राजाच्या जाहीरनाम्याने आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले. डॉइल भरली; सभासदांनी ती वादग्रस्त शपथ घेतली; कॉसग्रेव्ह सरकारचे प्रमुख निवडले गेले. डी व्हॅलेरांच्या पक्षाची बाके रिकामी होती. ज्या स्वराज्याची सातशे वर्षे वाट पाहिली असे आयरिश माणूस म्हणे, ते आले तेव्हा त्याच्या स्वागताला रस्त्यांत आनंद नव्हता.

राजाचा प्रतिनिधी म्हणून पहिला गव्हर्नर-जनरल कोण झाला? टिमथी हीली. समितीदालनातील त्या शनिवारला बरोबर बत्तीस वर्षे झाली होती. पस्तिशीतला तो जहाल वकील आता सदुसष्ट वर्षांचा पांढऱ्या दाढीचा वृद्ध होता. डब्लिनच्या फीनिक्स उद्यानातील ज्या प्रासादात व्हाइसरॉय राहत तेथे तो राहावयास गेला, आणि थट्टेखोर डब्लिनकरांनी, गुलामांच्या दैन्याची कहाणी सांगणाऱ्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या प्रसिद्ध कादंबरीच्या नावावर कोटी करून, त्या प्रासादाला ‘टिमकाकाची झोपडी’ म्हणण्यास सुरुवात केली. पार्नेलच्या अनुयायांना हा देखावा असह्य झाला असल्यास नवल नाही. ग्लॅडस्टनच्या शब्दाखातर ज्याने नेता सोडला तोच शेवटी राजाचा प्रतिनिधी झाला, असे त्यांना म्हणता येत होते. पण दुसरीही बाजू आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्या इंग्रज उमरावांची परंपरा तुटली आणि बँट्रीचा एक सामान्य मनुष्य तेथे बसला. हे परिवर्तन लहान नव्हते.

त्यानंतरचे दोन दिवस सांगितल्यावाचून ६ डिसेंबरचा अर्थ पुरा होत नाही. कायद्याच्या कागदावर फ्री स्टेट हे अखंड आयर्लंडचे होते. दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, बेलफास्टच्या पार्लमेंटने आपण त्यातून बाहेर पडत असल्याचा अर्ज मंजूर केला आणि तो घेऊन क्रेग रात्रीच्या बोटीने स्वतः लंडनला निघाले. क्षणाचाही विलंब झाला असे दिसू नये म्हणून. त्याच ७ तारखेला डब्लिनमध्ये शॉन हेल्स या डॉइलच्या सभासदाला तहविरोधकांनी भर रस्त्यात गोळी घातली. सूड म्हणून ८ डिसेंबरच्या सकाळी सरकारने तुरुंगातील चार कैद्यांना, खटला न चालविता, ठार केले. हेल्सच्या खुनाशी त्यांचा संबंध असणे शक्यच नव्हते; ते जूनपासून कोठडीत होते. त्यांतील एक रोरी ओकॉनर. या निर्णयात सामील असलेले मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांच्या विवाहात, वर्ष-सव्वा वर्षापूर्वी, नवरदेवाचा पाठराखा म्हणून हाच ओकॉनर उभा राहिला होता. यादवी १९२३ च्या मेमध्ये थांबली. सरकारने अधिकृतपणे देहान्त दिलेल्यांची संख्या ७७ सांगतात, काही गणतीप्रमाणे ती याहून थोडी अधिक आहे. ओहिगिन्स स्वतः १९२७ साली मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे कॉलिन्सचा युक्तिवाद खरा ठरला असे दिसते, आणि तो खरा करून दाखविला त्याच्या विरोधकाने. डी व्हॅलेरा १९३२ साली निवडणुकीच्या मार्गाने सत्तेवर आले. १९३३ मध्ये शपथ रद्द झाली, १९३७ मध्ये नवी घटना आली, १९३८ मध्ये तिन्ही बंदरे परत मिळाली. १९४९ च्या एप्रिलमध्ये आयर्लंड प्रजासत्ताक झाले. सीमामंडळ मात्र १९२५ सालीच बारगळले आणि ती रेघ जेथे होती तेथेच राहिली. आपल्याकडे १९२८ च्या नेहरू अहवालाने हिंदुस्थानसाठी जे वसाहतीचे स्वराज्य मागितले त्यात कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या जोडीने आयरिश फ्री स्टेटचे नाव होते. आणि पुढच्याच वर्षी लाहोरला तेवढ्यावर समाधान मानावे की न मानावे, यावरून पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. तो वाद आपण डब्लिनप्रमाणे बंदुकांनी सोडविला नाही; पण रेघ काही आपल्यालाही चुकली नाही.

तहाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे असे दोन पक्ष फिने गेल आणि फिआना फॉइल या नावांनी आयर्लंडमध्ये आळीपाळीने राज्य करीत राहिले. कित्येक घरांत दोहोंपैकी कोणाला मत द्यावयाचे हे १९२२ साली आजोबा कोणत्या बाजूला होते यावरून ठरे. हे दोन्ही पक्ष एकाच मंत्रिमंडळात प्रथम बसले ते २७ जून २०२० रोजी. ठरलेल्या करारानुसार पंतप्रधानपद अर्ध्या मुदतीनंतर बदलावयाचे होते. फ्री स्टेटच्या जन्माला शंभर वर्षे पुरी झाल्यावर अकरा दिवसांनी, १७ डिसेंबर २०२२ रोजी, डी व्हॅलेरांच्या पक्षाचे मायकेल मार्टिन यांनी ते पद सोडले. आणि कॉलिन्सचा वारसा सांगणाऱ्या पक्षाचे ज्या पुढाऱ्याने ते स्वीकारले त्यांचे नाव लिओ वराडकर. त्यांचे वडील मुंबईचे, आणि घराणे मूळचे मालवण तालुक्यातील वराड या गावचे.